साज आणि सांगाडा

वाहन सजविण्याची हौस ही माणसाच्या फार जुन्या हौशींपैकी एक होय. पोळ्याच्या दिवशी बैलांची शिंगे रंगवून त्यांना बेगड लावणारा, पाठीवर झूल घालणारा आणि गळ्यात घुंगुरमाळ बांधणारा शेतकरी घ्या, किंवा दसऱ्याला मोटारीच्या तोंडावर झेंडूचा हार चढविणारा शहरातला गृहस्थ घ्या. दोघांच्या मनातला भाव एकच असतो. जे आपल्याला वाहून नेते ते आपले आहे, आणि जे आपले आहे ते चारचौघांत उठून दिसले पाहिजे. या हौसेला नावे ठेवण्याचे मला काही कारण दिसत नाही. परंतु अलीकडे तिने एक असे रूप घेतले आहे की, त्याचा इतिहास तपासून पाहावा असे मला फार दिवस वाटत होते.

हे रूप म्हणजे उंच बांध्याच्या, भारी किमतीच्या ज्या मोटारींना सर्वजण 'एसयूव्ही' म्हणतात, त्यांचे बाहेरून करावयाचे नूतनीकरण. कोटी-दीड कोटी रुपये, कधी त्याच्या कितीतरी पट मोजून घेतलेली कोरी गाडी कारखान्याच्या दुकानातून निघते ती थेट दुसऱ्याच एका कारागिराच्या दारात जाते. तेथे तिचे बंपर उतरवितात, पुढची जाळी काढतात, मडगार्ड रुंद करतात, चाके बदलतात, छताच्या मागच्या कडेला एक पंख बसवितात. कारखान्यातल्या शेकडो माणसांनी वर्षानुवर्षे खपून ठरविलेले रूप आठ-पंधरा दिवसांत पालटते. मालकाला विचारले, "असे का?" तर उत्तर येते, "सगळ्यांसारखी नको होती." हे उत्तर ऐकायला साधे आहे, पण त्याच्या मागे तीनशे वर्षांचा कारागिरीचा इतिहास उभा आहे.

हा इतिहास समजण्यासाठी आधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मोटारीचा सांगाडा आणि मोटारीचे अंग या मुळात दोन वेगळ्या वस्तू होत्या. ज्यांनी पूर्वी पुणे-मुंबई रस्त्याने प्रवास केला असेल त्यांना पिंपरीच्या कारखान्यातून निघालेल्या ट्रकच्या नुसत्या चासी पळताना पाहिल्याचे आठवत असेल. पुढे इंजिन, मागे दोन लांब लोखंडी पट्ट्या, चार-सहा चाके, आणि डोळ्यांना गॉगल व कानांना फडके बांधून उघड्यावर बसलेला चालक! हा सांगाडा कोठेतरी दूरच्या गावी जाई, आणि तेथले सुतार-लोहार त्यावर लाकडी फळ्यांची बॉडी बांधीत. कारखान्याने कापड द्यावे आणि शिंप्याने अंगरखा शिवावा, तसा हा व्यवहार.

विलायतेत श्रीमंतांच्या मोटारींचा व्यवहार नेमका असाच चाले. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉईस कंपनी संपूर्ण मोटार विकतच नसे. ती चासी आणि इंजिन देई. अंग बांधून घेण्यासाठी गिऱ्हाइकाने बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबर्ली अशा एखाद्या पेढीकडे जावे. या पेढ्या मूळच्या घोडागाड्या बांधणाऱ्या. बार्करची पेढी तर १७१० पासूनची, म्हणजे पुण्यात शाहू छत्रपतींच्या पेशव्यांचा वाडा उभा राहण्याच्याही आधीची. घोडा गेला आणि इंजिन आले, तरी ॲश वृक्षाच्या लाकडाची चौकट उभी करून तिच्यावर हाताने ठोकलेला पत्रा चढविणारे हात तेच राहिले. गिऱ्हाईक किती उंच आहे, तो पागोटे घालतो की टोपी, त्याच्या बायकांना पडदा हवा की नको, हे विचारून मग गाडीची उंची आणि काचा ठरत.

या पेढ्यांची सर्वांत हौशी गिऱ्हाइके आपल्या देशात होती. कोटा संस्थानचे महाराव उमेदसिंह यांच्यासाठी बार्करने १९२५ साली शिकारीची एक रोल्स-रॉईस बांधली. तिच्यावर रानात रात्री उजेड पाडणारे प्रखर दिवे होते आणि बंदुका ठेवण्याची सोय होती. रान तुडवीत जाणारी, बसायला गुबगुबीत, बाहेरून राजेशाही आणि एकाच माणसाच्या मापाने बांधलेली अशी ही गाडी! आजच्या भारी एसयूव्हीचे वर्णन याहून निराळे ते काय करावयाचे? एसयूव्ही हे नाव नवे असेल, कल्पना नवी नव्हे.

पण या साऱ्या शृंगाराचा कळस केला तो कोणा महाराजांनी नव्हे, तर कलकत्त्यात राहणाऱ्या रॉबर्ट निकोल मॅथ्यूसन नावाच्या एका धनिक गृहस्थाने. त्याने इंग्लंडमधल्या लोस्टॉफ्ट येथील ब्रुक या पेढीकडून १९१० साली एक मोटार बांधून घेतली. तिचे पुढचे अर्धे अंग म्हणजे पांढराशुभ्र राजहंस होता. मान उंच केलेली, पंखांवर कोरीव काम, डोळ्यांत विजेचे दिवे. हंसाच्या चोचीतून गरम वाफेचा फवारा निघे आणि समोरची गर्दी बाजूला हटे. मागे एक झडप होती. तिच्यातून रस्त्यावर चुन्याचे पाणी सांडे, म्हणजे हंसाने जाता जाता शिटावे तसे दिसे! कलकत्त्याच्या रस्त्यांवर ही गाडी निघाली तेव्हा एकच गोंधळ उडाला. लोक भ्याले, पळापळ झाली, आणि पोलिसांनी ती रस्त्यावर आणण्यास मनाई केली.

वाचकांना ही गोष्ट नुसती गमतीची वाटेल. पण माझ्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातला हा मोलाचा प्रसंग आहे. मॅथ्यूसनचे म्हणणे काय असेल ते आपण कल्पनेने जाणू शकतो. गाडी माझी, पैसा माझा, हंस माझा. तुमचे काय गेले? आणि पोलिसांचे न बोललेले उत्तर असे, की गाडी तुमची, पण रस्ता सगळ्यांचा. चोचीतली वाफ कोणाच्या तरी अंगावर जाते. मोटारीच्या अंगाला दोन बाजू असतात. आतली बाजू मालकाची, आणि बाहेरची बाजू समोरून येणाऱ्याची. पुढे शंभर वर्षे हाच वाद निरनिराळ्या वेषांत चालू राहिलेला दिसतो.

मधल्या काळात मात्र ही कारागिरीच बुडायला आली. कारण होते एक नवे तंत्र. १९३४ साली फ्रान्समधल्या सित्रोएन कंपनीने एक मोटार बाजारात आणली, जिला वेगळा सांगाडाच नव्हता. पत्र्याचे अंग हेच तिचे हाड. अंड्याचे कवच पातळ असूनही आकारामुळे भार सोसते, तसाच हा प्रकार. असे अंग मोठ्या दाबयंत्रांत हजारोंनी ठोकून निघते, हलके होते, स्वस्त पडते. पण त्यात शिंप्याला जागा उरत नाही. अंगरखा उतरवावा तर माणूसच शिल्लक राहत नाही. युद्धानंतर एकेका कंपनीने हीच वाट धरली. १९५९ साली हूपरने मोटारी बांधणे थांबविले. १९६५ साली रोल्स-रॉईसची 'सिल्व्हर शॅडो' आली, तीही सांगाड्याविना. जुन्या पेढ्यांच्या दारावर शेवटची घंटा वाजली असे सर्वांना वाटले.

ती वाजली नाही, याचे श्रेय एका शेतकी गाडीला द्यावे लागते. रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यांनी १९४८ साली ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात 'लँड रोव्हर' मांडली. युद्धानंतर पोलादाची टंचाई होती, म्हणून तिचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. नांगरट, माळरान, चिखल यांसाठी ती होती. तिचीच सुधारलेली धाकटी बहीण 'रेंज रोव्हर' जून १९७० मध्ये आली. स्पेन किंग हे तिचे मुख्य अभियंता, आणि रूपाला शेवटचा हात फिरविला डेव्हिड बाश यांनी. साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन, मऊ स्प्रिंगा आणि दोनच दारे. आतली बैठक व तळ असे की चिखल झाल्यास पाण्याच्या नळीने धुऊन काढावेत. पहिली रेंज रोव्हर ही चैनीची वस्तू मुळीच नव्हती, हे आज कोणाला खरे वाटणार नाही.

पण तिच्यात एक जुनी गोष्ट टिकून होती. वाटेल त्या खाचखळग्यांतून जायचे म्हणून तिला पोलादी सांगाडा वेगळा ठेवलेला होता, आणि अंगाचे पत्रे त्यावर बोल्टांनी बसविलेले होते. म्हणजे अंगरखा उतरविता येत होता! बेकार होऊ घातलेल्या कारागिरांना जणू ओसाड गावात विहीर सापडली.

त्यातच १९७३ सालचे तेलाचे संकट आले. खनिज तेलाच्या पिंपाची किंमत काही महिन्यांत तीन डॉलरच्या आसपास होती ती बारा डॉलरच्या घरात गेली. जगाच्या खिशातला पैसा आखाती देशांकडे वाहू लागला, आणि तेथल्या नव्या श्रीमंतांना वाळूत न रुतणारी पण राजाला शोभणारी गाडी हवी होती. ती कोण देणार? लंडनमध्ये 'वूड अँड पिकेट' नावाची पेढी होती. १९४७ साली ती ज्या दोघांनी काढली ते बिल वूड आणि लेस पिकेट हे मूळचे हूपरचे कारागीर. साठीच्या दशकात नटांच्या आणि गायकांच्या छोट्या 'मिनी' मोटारी नटविण्यात या पेढीने नाव मिळविले होते. आता तिने रेंज रोव्हर हाती घेतली. आत कातडे आणि अक्रोडाचे लाकूड आले, बाहेर नवी जाळी, नवे दिवे, रुंद मडगार्ड. सांगाडा मधोमध कापून गाडी लांब करावी, मागे आणखी दोन चाके जोडावीत, छत उघडून ससाण्याची शिकार पाहण्यासाठी उंच उचलणारी आसने बसवावीत, अशा मागण्या येत आणि इंग्लंडमधल्या अनेक पेढ्या त्या पुरवीत. ब्रिस्टलच्या ग्लेनफ्रोम पेढीने तर १९८३ साली 'फॅसेट' नावाची पाचरीच्या आकाराची गाडी काढली. खाली रेंज रोव्हर आहे हे सांगितल्याशिवाय कळू नये, इतके तिचे रूप पालटलेले होते.

येथे एक भेद मला करावासा वाटतो. या पेढ्यांचे सारेच काम नुसत्या नखऱ्याचे नव्हते. वूस्टरच्या कारमायकेल कंपनीने रेंज रोव्हरला तिसरा आस जोडून विमानतळांसाठी आगीचे बंब बनविले. धावपट्टीवर पेटलेल्या विमानापाशी लवकर पोहोचणारी ती गाडी किती जिवांच्या उपयोगी पडली असेल! तसेच दारांचे. दोन दारांच्या गाडीत मागे बसताना म्हाताऱ्या माणसांचे काय हाल होतात ते सर्वांना ठाऊक आहे. कंपनीला मात्र दहा वर्षे ते सुचले नाही. स्वित्झर्लंडच्या पीटर मॉन्टेव्हर्डी यांनी १९८० साली चार दारांची रेंज रोव्हर तयार करून दाखविली, आणि पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, कंपनीने स्वतःची चार दारांची गाडी बाजारात आणली. बाहेरच्या कारागिराने कारखान्याला शहाणे केल्याचे यासारखे उदाहरण विरळा.

पण त्यातच कारागिरांचे दुर्दैवही होते. जे उपयोगाचे ते कारखाना उचली आणि स्वस्तात देऊ लागे. दारे गेली, कातड्याच्या बैठका गेल्या, गार हवेची यंत्रे गेली. शेवटी बाहेरच्या पेढ्यांपाशी उरले काय? तर जे उपयोगाचे नाही, ते.

जर्मनीतही असेच घडले. हान्स वेर्नर आउफ्रेख्त आणि एर्हार्ड मेल्खर या दोघांनी १९६७ साली 'एएमजी' काढली. बॉट्रॉप गावी १९७७ मध्ये 'ब्राबुस' निघाली. दोघांचाही जीव मर्सिडीज गाड्यांवर. १९७९ साली मर्सिडीजने ऑस्ट्रियातल्या ग्राट्स येथे लष्करी थाटाची चौकोनी 'जी' गाडी बांधावयास घेतली. सपाट पत्रे, उघड्या बिजागऱ्या आणि वेगळा सांगाडा. नटविणाऱ्यांना हा फळाच मिळाला; त्यावर वाटेल ते लिहावे. पुढे २००५ साली एएमजी पूर्णपणे मर्सिडीजच्या मालकीची झाली, आणि २०१३ मध्ये कारखान्याने आपल्याच नावाने सहाचाकी 'जी' विकायला काढली. आखाती शेखांसाठी ज्या गोष्टी गल्लीतल्या पेढ्या करीत, त्या आता राजरोस कारखान्याच्या सूचीत आल्या. इकडे लँड रोव्हरची मालकी २००८ साली मुंबईच्या टाटा मोटर्सकडे आली, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो. ज्यांच्या उघड्या चासी आपण रस्त्यावर पाहत होतो, ते आता रेंज रोव्हरचे धनी आहेत.

गंमत अशी की, आजच्या बहुतेक भारी एसयूव्हींना तो जुना सांगाडा उरलेला नाही. 'जी' हा एक अपवाद. रेंज रोव्हरने २००२ च्या सुमारास तो टाकला. २०१५ ची बेंटले, २०१७ ची लॅम्बोर्गिनी आणि २०१८ ची रोल्स-रॉईस याही कवचाच्याच. त्यामुळे अंगरखा शिवणे संपले. आता वरून दागिने चढवावयाचे. पत्र्याच्या कवचाला हात न लावता जे काढता-घालता येते तेवढेच बदलायचे. म्हणजे बंपर, जाळी, मडगार्डांच्या कडा, बॉनेट, पंख. या सर्वांचा मिळून एक संच विकतात. बव्हेरियातली 'मान्सोरी' ही १९८९ साली निघालेली कंपनी अशा संचांसाठी जगभर नावाजलेली, आणि काहींच्या मते कुप्रसिद्ध आहे.

हा संच बनविण्याचे काम मात्र पाहण्यासारखे आहे. आधी मूळ गाडीचे माप किरणांनी टिपून घेतात, मग नव्या भागाचा साचा करतात. साच्यात कार्बनच्या धाग्यांचे काळे कापड थरावर थर लावतात. त्यात राळ मुरलेली असते. वर पिशवी घालून आतली हवा काढून घेतात, आणि सगळे उष्णतेच्या भट्टीत दाबाखाली भाजतात. बाहेर पडते ते पोलादापेक्षा हलके आणि अतिशय कणखर. विमाने व शर्यतीच्या गाड्या यांसाठी हे तंत्र वाढले, कारण तेथे शेर-छटाकांचा हिशेब असतो. आणि येथे ते अडीच टनांच्या मोटारीवर चढवितात! हत्तीने उपास सोडताना राजगिऱ्याचा एक लाडू कमी खावा, तसा तो वजनाचा बचाव.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो. आपल्याकडे कार्बनच्या बंपरांपर्यंत पोहोचणारे थोडे. पण मोटारीच्या नाकासमोर जाडजूड लोखंडी नळ्यांचे गार्ड बसविणारे आपण गावोगाव पाहिले आहेत. मोठ्या एसयूव्हीला ते नसले तर तिचे तोंड बोडके दिसते, असा कित्येकांचा समज होता. मूळ हा प्रकार ऑस्ट्रेलियातला. तेथे ओसाड रस्त्यांवर रात्री कांगारू आडवा येतो, त्याच्या धडकेने रेडिएटर फुटला तर शंभर मैलांत मदत नाही. म्हणून ती तटबंदी. लक्ष्मी रोडवर कांगारू कोठून येणार? तेथे आडवी येतात ती शाळेत जाणारी मुले.

कारखान्याचा बंपर मुद्दाम दबेल असा केलेला असतो. तो चेपतो, धक्का गिळतो. त्याच्या मागे असलेल्या यंत्रणेला धक्क्याची जाणीव झाली म्हणजे आतली हवेची पिशवी क्षणार्धात फुगते. लोखंडी गार्ड स्वतः चेपत नाही, धक्का थेट सांगाड्याकडे पाठवितो, पिशवी फुगण्याची वेळही चुकवू शकतो. आणि समोरच्या माणसाचे हाड मात्र हमखास मोडतो. बुटक्या मोटारीची धडक पायांना बसते आणि माणूस बॉनेटवर लोळतो. उंच, उभ्या तोंडाच्या गाडीची धडक प्रौढाच्या कमरेला-छातीला आणि लहान मुलाच्या डोक्याला बसते. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने २०२३ साली अपघातांचा हिशेब मांडला. ज्या गाड्यांचे बॉनेट जमिनीपासून ४० इंचांहून उंच, त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याचा संभव ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या तोंडाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त आढळला. गाडीचे तोंड उग्र करणे ही केवळ आवडीनिवडीची बाब राहत नाही, ती अशी.

म्हणूनच युरोपात २००५ साली या गार्डांवर कडक नियम आले, आणि आपल्या केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना कळविले की, असे गार्ड बसविणे मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाविरुद्ध आहे. पुढे जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, गाडीच्या नोंदणीपत्रात कारखान्याने दिलेला जो तपशील आहे, त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येणार नाही.

माझ्यापुरते सांगायचे, तर या निकालाने मला समाधान वाटले आणि थोडी हुरहुरही लागली. समाधान अशासाठी की, मी पायी चालणारा माणूस आहे. समोरून येणाऱ्या गाडीचे अंग ही माझीही बाब आहे, हे न्यायासनाने मान्य केल्यासारखे झाले. हुरहुर अशासाठी की, हाच काटेकोर नियम १९८० साली स्वित्झर्लंडमध्ये असता तर मॉन्टेव्हर्डींना चार दारे करता आली असती का? जर्मनीत यावर एक मध्यम तोडगा आहे. तेथे बदल करावयास मोकळीक आहे. परंतु तो भाग मान्यताप्राप्त तपासनिसाकडून तपासून घ्यावा लागतो, नाहीतर गाडी रस्त्यावर आणण्याचा परवानाच रद्द होतो. हौशीचे दार बंद करण्याऐवजी त्याला पारखी द्वारपाल नेमावा, ही रीत मला आपल्यालाही पचेलशी वाटते. आपल्याकडे कुशल हातांची वाण कधीच नव्हती. मुंबईत दिलीप छाब्रिया यांच्यासारख्यांनी गाड्यांची रूपे पालटण्याचा मोठा उद्योग उभारला होता. आणि नाव न झालेले पत्र्याचे कारागीर तर प्रत्येक जिल्ह्याच्या गावी आहेत. त्यांना अपंगांसाठी सोयीच्या गाड्या, खेड्यांतल्या वाटांसाठी रुग्णवाहिका, अशी कामे तपासून-पारखून करता आली, तर बार्कर-हूपरांची विद्या आपल्याकडे सत्कारणी लागेल.

तीनशे वर्षांच्या या हिशेबाची बेरीज मी अशी करतो. आत बसणाऱ्याने आपल्या बाजूला हवी तेवढी चैन करावी. कातडे मढवावे, अक्रोडाचे लाकूड लावावे, कोणी त्याचा हेवा करू नये. पण बाहेरच्या बाजूला हात घालताना रस्त्यावरच्या माणसाची संमती गृहीत धरू नये. मॅथ्यूसनचा तो राजहंस पुढे नाभा संस्थानच्या महाराजांकडे गेला आणि आता नेदरलँड्समधल्या हेग शहरात एका मोटारींच्या संग्रहालयात उभा आहे. लोक जवळ जाऊन त्याचे पंख न्याहाळतात, मुले हरखून चोचीकडे पाहतात. वाफ बंद झाल्यावर, आणि कोणाच्या वाटेत नसताना, तो खरोखरच फार सुंदर दिसतो.